ऐंशी शब्द मिनिटाला

कुर्ल्याला सी.एस.टी. रोडवर तिघांनी तेच सांगितलं:
अंकल, हा डब्बा फेकून द्या,
अठराशेत ब्लूटूथवाला बसवतो, निळ्या लायटीचा.
मी म्हटलं, बघतो.
गोदीत एकतीस वर्षं क्रेनच्या वायरी ओढल्या.
'बघतो' म्हणजे 'नाही',
हे तिथे नव्या पोऱ्यालाही कळायचं.

एस्टीम अठ्ठ्याण्णवची. टेप तिच्यासोबतच आलेला,
डॅशबोर्डच्या दाताला दात लावून बसलेला.
बटणांमागचा नारिंगी उजेड
अजून लागतो, एक दिवा सोडून.
फोनची तार खुपसायला त्याला भोक नाही,
एवढीच तक्रार.
अठ्ठ्याण्णव साली कोणाला होतं?

लॅमिंग्टन रोडवरून आणला साडेतीन एमएमचा जॅक,
दीड मीटर शील्डेड वायर,
आणि काउंटरमागच्या गाला शेठचा सल्ला, फुकट:
आवाजाच्या खुंटीच्या अलीकडे टाके घाला,
आणि अर्थ नीट लावा,
नाहीतर इंजिन शिट्टी मारेल.

शिवडीला, बिल्डिंगच्या आवारात,
साळुंख्यांच्या खिडकीतून एक्स्टेन्शन,
बोनेटवर कालचा पेपर, पेपरवर टेपची आतडी.
डावा, उजवा, अर्थ.
चष्म्यावर चष्मा चढवून, श्वास धरून तीन टाके.
राळेचा धूर नाकात गेला
आणि चहाची सुट्टी झाल्यासारखं वाटलं.

पण टेप हट्टी.
कॅसेट पोटात असल्याशिवाय तोंड उघडत नाही.
आपण तेच जुनं काम करतोय, असं त्याला वाटायला हवं.
म्हणजे कॅसेट हवी: फिरणारी, पण अक्षर न बोलणारी.
घरात मुकी कॅसेट कुठून आणायची?
जी ती काहीतरी धरून बसलेली.

इंदुमतीने लोखंडी कपाटातून एक काढली.
पट्टीवर तिच्याच अक्षरात: मराठी लघुलेखन, ८० श.प्र.मि.
आत एक अनोळखी गृहस्थ,
महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून,
सात मिनिटं, न खोकता.
एकोणनव्वद साली ही ऐकून ऐकून ती मंत्रालयात लागली.
आम्ही बघायला गेलो तेव्हाही
आतल्या खोलीत हाच माणूस बोलत होता.

मी म्हटलं, अगं, ही नको.
ती म्हणाली, माझं लिहून झालंय.
आणि विणायच्या सुईने फीत ओढत बसली.
मांडीवर तपकिरी गुंता, संपता संपेना,
महोदयासकट.

रिकामी कॅसेट आत ढकलली. चाकं फिरायला लागली.
टेप फसला.

फोनमध्ये मुग्धाचा निरोप, हॅम्बुर्गहून, पावणेपाच मिनिटांचा.
इंदूचा डावा कान दोन वर्षांपासून कमी झालाय, उजवा त्याच वाटेवर.
फोन लावला की अर्धी लेक खाली सांडते.
आता चारही स्पीकरांतून लेक,
आणि तिच्यामागे बारीक शिट्टी,
ॲक्सिलरेटर दाबला की चढणारी.
"तिच्याकडे कुकर लागलाय का?" इंदूने विचारलं.
मी खाली वाकलो, बॉडीचा रंग पानाने खरवडला,
उघड्या पत्र्यावर तार पुन्हा कसली.
कुकर उतरला.

फ्रीवेवर चढलो. उजवीकडे तेलाच्या टाक्या, मागे खाडी.
मुग्धा बोलत होती: घरमालकीण, दाढेचा डॉक्टर,
भेंडी केवढ्याला, आणि कोणी तरी थॉर्स्टन,
ज्याचं नाव घेताना ती वेग वाढवते.
आत टेपच्या पोटात दोन चाकं गरगर फिरत होती,
कशाशिवाय.

सहज बाजूला पाहिलं.
इंदूचा हात पर्सवर, तर्जनी चालतेय:
आडवी रेघ, अर्धा आकडा, टिंब,
रेक्झिनवर काहीच न उमटता.
मग बोट थबकलं. शब्द सुटला असावा.

"मागे घे जरा," ती म्हणाली.
"ही शंभरने जातेय."